इंजिन ताब्यात आल्यावर पुढे काय? श्रीमंतांविरुद्धच्या बंडाचे चित्रपट आणि आपला सातारा-सांगलीचा मुलूख

येरळाकाठ (विटा)

भविष्यातल्या विस्कटलेल्या जगाचे, म्हणजे ज्यांना आता सर्रास डिस्टोपियन म्हणतात ते चित्रपट आपल्याकडेही आवर्जून पाहिले जातात. त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांचा गाभा एकच असतो. मूठभर श्रीमंत वर, बाकीचे सगळे खाली, आणि एके दिवशी खालच्यांचा उठाव. हा धागा त्या उठावाविषयी आहे. माझे म्हणणे आधीच मांडतो. विषमतेची रचना दाखवण्यात हे चित्रपट अतिशय समर्थ आहेत, परंतु बंड यशस्वी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे, या प्रश्नापाशी आले की त्यांची पावले थबकतात. हा प्रश्न आपल्या भागातल्या साध्या माणसांनी पडद्याबाहेर सोडवून पाहिलेला आहे, म्हणून त्यावर इथे चर्चा व्हावी असे मनापासून वाटते.

बाँग जून-हो या कोरियन दिग्दर्शकाचा २०१३ सालचा 'स्नोपिअर्सर' घ्या. पृथ्वी गोठलेली आहे आणि उरलीसुरली माणसे कधीही न थांबणाऱ्या एका आगगाडीत राहत आहेत. पुढच्या डब्यांत बागा, मत्स्यालय, शाळा आणि मेजवान्या, तर शेवटच्या डब्यात अंधार, दाटीवाटी आणि खायला काळ्या, लिबलिबीत वड्या. त्या वड्या कशाच्या बनतात हे बंडखोरांना वाटेतल्या एका डब्यात कळते. तिथे यंत्रात झुरळे दळली जात असतात. कर्टिस हा नायक एकेक दार फोडत इंजिनापर्यंत पोचतो, तेव्हा गाडीचा मालक विल्फर्ड त्याला शांतपणे सांगतो की, हे बंडसुद्धा आमच्याच हिशेबातले होते, कारण गाडीतली माणसांची संख्या आटोक्यात ठेवायची तर अधूनमधून असे काही घडावेच लागते. मग तो इंजिनच कर्टिसच्या हवाली करू पाहतो. इंजिन तेच, रूळ तेच, डब्यांची उतरंड तीच आणि फक्त चालक शेवटच्या डब्यातला. याला जिंकणे म्हणायचे का, असा प्रश्न इथे उभा राहतो आणि तो फार मोलाचा आहे. पण पुढे गाडी रुळांवरून कोसळते, दोन मुले बर्फात बाहेर पडतात, दूरवर एक पांढरे अस्वल दिसते आणि चित्रपट संपतो.

फ्रिट्झ लांग यांचा १९२७ सालचा 'मेट्रोपोलिस' अगदी दुसऱ्या टोकाला जातो. भुयारी वस्तीतले कामगार मुख्य यंत्र फोडतात, त्यामुळे त्यांचीच वस्ती पाण्याखाली जाते, आणि अखेरीस मालकाचा मुलगा मालक व मुकादम यांचे हात एकमेकांच्या हातात देतो. डोके आणि हात यांच्यात हृदयाने मध्यस्थी करावी, हा त्याचा संदेश. यंत्र दुरुस्त झाल्यावर पाळी किती तासांची असेल आणि नफा कोणाकडे जाईल, याबद्दल चकार शब्द नाही. स्वतः लांग यांनीही पुढे या शेवटाबद्दल नापसंती व्यक्त केली होती.

एका चित्रपटात सर्वनाश आणि दुसऱ्यात समेट. या दोहोंच्या मधली जी जागा आहे, ती आपल्याला कुठे दिसली आहे का?

अजिंक्यतारा (सातारा)

येरळाकाठ, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण तो चित्रपटाला विचारणे मला तितकेसे रास्त वाटत नाही. दोन तासांच्या गोष्टीकडून नव्या समाजाचा आराखडा कशाला मागावा? रोजच्या सवयीमुळे जे डोळ्यांना दिसेनासे झालेले असते, ते पुन्हा दिसू लागावे, एवढे जरी चित्रपटाने केले तरी त्याचे काम झाले, असे मी मानतो.

तुम्ही 'मेट्रोपोलिस'चा शेवट सांगितलात, मी सुरुवातीकडे लक्ष वेधतो. पाळी बदलते तेव्हा कामगारांच्या दोन रांगा समोरासमोरून जातात. सगळ्यांच्या माना खाली, पावले एका तालात, आणि आत जाणारी रांग बाहेर येणाऱ्या रांगेहून वेगाने चालते आहे. बाहेर येणाऱ्यांच्या पायांत त्राणच उरलेले नाही. भिंतीवरच्या घड्याळात दहाच तास आहेत, कारण तिथली वेळ दिवसाच्या हिशेबाने चालत नाही, पाळीच्या हिशेबाने चालते. एकही संवाद नसलेले हे दृश्य पाहून जे समजते, ते समजावून सांगायला मला एरवी तासभर लागला असता.

दुसरे उदाहरण २०११ सालच्या 'इन टाइम'चे. त्या जगात पैशांऐवजी आयुष्याचे तास खर्च होतात आणि प्रत्येकाच्या मनगटावर उरलेला वेळ उलटा मोजला जात असतो. नायकाची आई बसमध्ये चढते, तेव्हा तिला कळते की एका तासाचे भाडे आता दोन तास झाले आहे आणि तिच्या हातावर दीडच तास उरलेला आहे. चालक तिला उतरवतो. ती धावत सुटते आणि मुलाच्या हातांत पडते, त्याच क्षणी तिचा आकडा शून्यावर येतो. तो चित्रपट पुढे बराच ढिला पडतो, बँका लुटण्याच्या पाठलागात गुंततो, हे मान्य. पण जावळी किंवा पाटण तालुक्यातून साताऱ्यात कामाला येणाऱ्या बाया एस.टी.चे भाडे वाढले की दिवसाच्या मजुरीतून किती उरेल याची मनातल्या मनात जी वजाबाकी करतात, ती मला त्या एका प्रसंगात जशीच्या तशी दिसली. पुढचे आपण करायचे. चित्रपटाने तेही करावे ही अपेक्षा जास्तीची आहे.

कृष्णाकाठ (वाळवा)

अजून कोणी प्रतिसरकारचे नाव घेतले नाही, याचे आश्चर्य वाटले. येरळाकाठ यांना जी मधली जागा हवी आहे, ती आपल्याच जिल्ह्याने १९४३ ते १९४६ या काळात उभी केली होती. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत होते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली, आणि जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी अशा तरुण कार्यकर्त्यांच्या बळावर शेकडो गावांत ब्रिटिश सत्ता बाजूला सारून लोकांनी आपला कारभार सुरू केला. औंध संस्थानातले कुंडल हे त्याचे एक मोठे केंद्र होते.

चित्रपटवाल्यांना यातला कोणता प्रसंग आवडेल, ते आपण सगळे जाणतो. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाच्या तरुणांनी अडवली आणि पैसे काढून घेतले. रुळांवर रचलेले दगड, थांबलेले इंजिन, बंदुका. पडद्यावर तो प्रसंग उत्तम दिसेल. पण त्या तरुणांना इंजिन चालवण्यात रस नव्हता, त्यांना चळवळीसाठी पैसा हवा होता, आणि चळवळीचे मुख्य काम रुळांवर नव्हे, गावाच्या चावडीत चालले होते. गावोगाव न्यायदान मंडळे होती. बांधाची भांडणे, भाऊबंदकीचे दावे आणि सावकाराने गिळलेल्या जमिनींचे खटले तिथे चालत आणि निकाल तिथेच लागत. दारूबंदी होती, वाचनालये निघत होती. कर्जात बुडवणाऱ्या लग्नांना पर्याय म्हणून अगदी थोड्या खर्चात गांधी पद्धतीची लग्ने लावली जात होती.

त्यात कठोरपणाही होता, हे मी झाकून ठेवणार नाही. पोलिसांचे खबरे, लुटारू आणि नाडणारे सावकार यांच्या पायांच्या तळव्यांवर काठ्या बसत, आणि ज्याच्यावर त्या बसल्या त्याला पुढे कित्येक दिवस चालता येत नसे. प्रत्येक वेळी शिक्षा योग्य माणसालाच झाली, असा दावा कोणी करू नये. तरीही मला यात एक गोष्ट विलक्षण वाटते. या माणसांनी आधी सत्ता घेऊ आणि कारभाराचे नंतर बघू, असे म्हटले नाही. इंग्रज जाण्याच्या चार वर्षे आधीपासून ते कारभार करून पाहत होते. तुम्ही ज्याला दुसऱ्या दिवसाची सकाळ म्हणता, ती त्यांनी पहिल्या दिवसाच्या आधीच सुरू केली होती. असे बंड मी एकाही डिस्टोपियन चित्रपटात पाहिलेले नाही. तिथले बंडखोर तळघरात शस्त्रे जमवतात आणि नकाशे पसरतात, पण आपापसातला तंटा कसा मिटवायचा, हे त्यांतला एकही जण शिकताना दिसत नाही.

चित्रवेडा (मिरज)

कृष्णाकाठ यांचे लेखन आवडले, मात्र चित्रपटांनी एक भीती फार प्रामाणिकपणे मांडली आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होऊ नये. ती भीती बंडखोरांच्या नेतृत्वाची आहे.

'हंगर गेम्स' मालिकेत पॅनेम नावाच्या देशात बारा जिल्हे आणि एक श्रीमंत राजधानी आहे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची आणि ती एकमेकांना ठार करताना सगळ्या देशाने पाहायचे, असा तो खेळ. त्यातली एक तरतूद मला सर्वांत भयंकर वाटली. घरात धान्य कमी असेल, तर मुलाने आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकायच्या आणि बदल्यात धान्य घ्यायचे. कागदोपत्री चिठ्ठी सर्वांना समान, प्रत्यक्षात गरिबाचे नाव निघण्याची शक्यता कितीतरी अधिक. नियम वरून सारखा दिसावा आणि त्याचा भार खालच्यावरच पडावा, याचे इतके नेमके चित्रण क्वचितच सापडते.

याच मालिकेच्या २०१५ सालच्या अखेरच्या भागात बंड जिंकते. तेव्हा बंडखोरांची अध्यक्ष कॉइन असा ठराव मांडते की, आता राजधानीतल्या मुलांना घेऊन एकदा तोच खेळ खेळवावा. नायिका कॅटनिसच्या हाती धनुष्य असते, समोर खांबाला बांधलेला जुना हुकूमशहा असतो, आणि ती बाण सोडते तो कॉइनवर. म्हणजे दुसऱ्या दिवशी काय होऊ शकते, याचा विचार या चित्रपटाने केलेला आहे. प्रतिसरकारच्या बाबतीत माझा प्रश्न असा आहे की, न्यायदान मंडळांवर अंकुश कोणाचा होता?

कृष्णाकाठ (वाळवा)

अंकुश गावाचा. निवाडा उघड्यावर, लोकांसमक्ष होई आणि निकाल देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात, त्याच माणसांच्या घरी भाकरी खायची असे, कारण भूमिगत कार्यकर्त्यांचे जेवण आणि निवारा दोन्ही गावकऱ्यांवर अवलंबून होते. गावाचे मन फिरले असते, तर पोलिसांना ठावठिकाणा कळायला वेळ लागला नसता. कॉइनचे सगळे राज्य जमिनीखालच्या बंदिस्त तळात असते. तिला भाकरीसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

माणगंगा (आटपाडी)

मी दुष्काळी पट्ट्यातला आहे, त्यामुळे मला हे सगळे चित्रपट पाण्याच्या अंगाने दिसतात.

२०१५ सालच्या 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'मध्ये एका उंच कड्याच्या आत पाण्याचा साठा आहे आणि इमॉर्टन जो नावाचा हुकूमशहा त्याचा धनी आहे. खाली वाळवंटात तहानलेली माणसे भांडी घेऊन ताटकळत उभी असतात. तो वरून काही क्षण पाणी सोडतो, खाली झुंबड उडते, आणि सगळ्यांची भांडी भरायच्या आत धार बंद होते. वर तो त्यांनाच बजावतो की, पाण्याची चटक लावून घेऊ नका. टँकर आल्यावर हंडे, कळश्या आणि प्लॅस्टिकच्या घागरींची जी झोंबाझोंबी होते, ती ज्याने पाहिली आहे, त्याला हे दृश्य वाळवंटातले वाटणार नाही. टँकर विहिरीत पाणी सोडतो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत पोहरे एकमेकांवर आपटतात, दोर एकमेकांत अडकतात, आणि ज्या म्हातारीच्या हातात जोर नाही तिचा पोहरा तळाचा गाळ घेऊन वर येतो.

पण ज्या चित्रपटावर मला खरे बोलायचे आहे, तो २०१९ सालचा स्पॅनिश 'द प्लॅटफॉर्म'. एक उभा तुरुंग, प्रत्येक मजल्यावर दोन माणसे. सगळ्यात वरून अन्नाने भरलेला एक चौथरा खाली येतो आणि प्रत्येक मजल्यावर थोडा वेळ थांबतो. प्रत्येकाने गरजेपुरते घेतले तर शेवटपर्यंत पुरावे, असा हिशेब. वरचे हवे तेवढे ओरबाडतात, मधल्यांना उष्टे मिळते, खालच्यांना रिकामी ताटे. महिना संपला की माणसांचे मजले बदलतात, आणि काल तळाशी उपाशी असलेला माणूस आज वर गेला, तर तोही तसाच ओरबाडतो. शेवटी दोघे जण चौथऱ्यावर बसून खाली निघतात आणि बळाने वाटप करू लागतात. वरचे पन्नास मजले ओलांडेपर्यंत कोणालाही काही द्यायचे नाही, असा त्यांचा नियम. मजले किती आहेत तेही त्यांना ठाऊक नसते, ते निघतात ३३३.

हा चित्रपट मी माझ्या गावच्या मित्रांबरोबर पाहिला तेव्हा मध्येच एक जण म्हणाला, "अरे, हे तर आपल्या पाटाचं पाणी!" कालव्याच्या मुखाशी ज्याची जमीन आहे तो वाफे तुडुंब भरून घेतो, मधला रात्री जागून आपली पाळी साधतो, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत नुसता ओलावा पोचतो. म्हणूनच पाटबंधाऱ्याच्या कामात टेल टू हेड अशी पद्धत सांगितली आहे. पहिले पाणी सगळ्यांत शेवटच्या शेताला द्यायचे आणि तिथून भिजवत वर यायचे. कोणी कोणाला उपदेश करायची गरज नाही. वरच्याला आपले पाणी हवे असेल, तर खालच्याचे भिजेपर्यंत थांबावेच लागते. चित्रपटातले ते दोघे जण काठी घेऊन उतरले, कारण चौथरा वरूनच सुटणार हे त्यांनी गृहीत धरले होते.

आमच्याकडे पाण्याची लढाई अशा नियमांसाठी झाली. नागनाथअण्णा, भारत पाटणकर आणि दुष्काळी तालुक्यांतले हजारो लोक आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये जमले ते पाणी द्या एवढेच म्हणायला नव्हे, तर ते समन्यायी पद्धतीने वाटा, भूमिहीनालाही त्याचा हिस्सा द्या, असे म्हणायला. टेंभू योजनेचे पाणी कराडजवळून कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने आमच्याकडे येते. ते आल्यावर लढाई संपली नाही. पंपांचे वीजबिल कोणी भरायचे, यावरून अशा उपसा योजना थकबाकीत बंद पडल्या, पुन्हा चालू झाल्या, आणि अखेर ८१ टक्के सरकारने व १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचे असे सूत्र ठरले. दुसऱ्या दिवसाची सकाळ म्हणजे आमच्या लेखी हे वीजबिल आहे. 'फ्युरी रोड'मध्ये जोविरुद्ध बंड करणाऱ्या फ्युरिओसाने कडा जिंकल्यावर पाण्याचे दांडे ओढतात त्या आजवर जोच्या कैदेत असलेल्या बायका. मला ते दृश्य फार आवडते आणि तिथे डोळे भरूनही येतात, पण भूगर्भातले पाणी असे दिवसरात्र सोडले तर ते किती काळ टिकेल, हा प्रश्न त्या बायकांना पहिल्याच आठवड्यात पडणार आहे.

चित्रवेडा (मिरज)

माणगंगा, पाण्यावरून आठवले. ११ एप्रिल २०१६ रोजी आमच्या मिरज स्थानकावरून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली होती. पहिल्या खेपेला दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर कृष्णेचे पाणी होते, पुढे पन्नास टाक्यांची गाडी जाऊ लागली. आम्ही ती पाहायला गेलो होतो. गाडी लातूरकडे जाताना सगळ्यांना अभिमान वाटत होता, आणि त्याच वेळी गर्दीतले जतकडचे एक गृहस्थ हलक्या आवाजात विचारत होते की, आमच्या गावाला टँकर आठवड्यातून एकदा येतो, ही गाडी थोडी आमच्याकडेही वळेल का? एकाच जिल्ह्याच्या पश्चिमेला कृष्णा-वारणेचा सुपीक पट्टा आणि पूर्वेला जत. डब्यांची उतरंड पाहायला दूर जायला नको.

हळदपेठ (सांगली)

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. हळदीचे पोते पाठीवर घेताना मान एका बाजूला वाकवावी लागते, आणि ती सवय त्यांच्या मानेला कायमची जडली होती. त्यामुळे चित्रपटातले बंड पाहताना मी एकच गोष्ट शोधतो. बंड कोण करते?

जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळते : एकच निवडलेला माणूस. कर्टिस, कॅटनिस किंवा मालकाचाच सहृदय मुलगा. २०२४ सालच्या 'कल्की २८९८ एडी'मध्ये काशीवर तरंगणारे कॉम्प्लेक्स आहे. पाणी, हिरवळ आणि अन्न सगळे तिथे, आणि आत जायचे तर अशक्य वाटावे इतके युनिट्स, म्हणजे तिथले चलन, मोजायचे. श्रीमंतांच्या वस्तीची ही कल्पना भारतीय पडद्यावर इतक्या भव्यपणे प्रथमच आली आणि तिचे मला कौतुक आहे. पण खाली काशीत राबणाऱ्या हजारो लोकांच्या वाट्याला त्यात वाट पाहण्यापलीकडे फारसे काही येत नाही. सुटका जन्माला येणाऱ्या अवताराकडून व्हायची असते.

माझ्या वडिलांच्या पाठीवरचे ओझे ज्यांनी हलके केले, ते असंख्य लोक होते. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली, राज्यभर हमालांचे लढे झाले आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. रोज वेगवेगळ्या व्यापाऱ्याकडे काम करणाऱ्या माणसाला कायमचा मालक नसतो, म्हणून त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही. त्यावर उपाय असा काढला की व्यापारी आणि कामगार दोघांची नोंद या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे करायची, मजुरी आणि तिच्यावरची जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, व्यापाऱ्याने मंडळात भरायची, आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची. यात गोळीबार नाही, पाठलाग नाही. मात्र वडिलांच्या हातात पासबुक आले त्या दिवशी आमच्या घरात गोडधोड झाले होते. असे मंडळ एखाद्या चित्रपटात दिसले, तर मी तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहीन.

फडातली शाळा (इस्लामपूर)

हळदपेठ दादा, तुमचे लेखन वाचून मलाही लिहावेसे वाटले. मी काही वर्षे ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवले आहे.

'स्नोपिअर्सर'मधल्या ज्या दृश्याचा कोणी उल्लेख केला नाही, ते माझ्या मनातून जात नाही. इंजिनाचा एक भाग झिजलेला असतो आणि तो आता बनवता येत नाही. म्हणून शेवटच्या डब्यातून नेलेला एक पाच वर्षांचा मुलगा फरशीखाली, यंत्राच्या पोकळीत बसून तो भाग हाताने चालवत असतो. वर विल्फर्ड मांसाचा तुकडा कापत बोलतो आहे आणि खाली तो मुलगा वर पाहतसुद्धा नाही, कारण त्याचे लक्ष हाताखालच्या कामावर खिळलेले आहे.

कृष्णाकाठच्या उसाच्या फडात पहाटे ट्रॅक्टरची ट्रॉली भरायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाने दिवाळीआधीच गावी दिलेली असते, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत माघारी फिरता येत नाही. बाई मोळी डोक्यावर घेऊन लाकडी फळीवरून ट्रॉलीवर चढते, आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी खाली धाकट्या भावाला काखेत घेऊन मोबाइलचा उजेड त्या फळीवर धरून उभी असते. उजेड हलला तर आईचा पाय चुकेल, म्हणून ती अजिबात हलत नाही. उजाडल्यावर तीच मुलगी वाड्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधते आणि दुपारी माझ्यासमोर पाटीवर डोके ठेवून झोपते. मी तिला कधी उठवले नाही.

मला याहून अवघड गोष्ट सांगायची आहे. सावकारशाहीतून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी आपल्या भागात सहकार उभा राहिला. त्याच्या मुळाशी प्रतिसरकारमध्ये लढलेली माणसे होती. वाळव्याचा कारखाना तर हुतात्मा किसन अहिर यांच्याच नावाने आहे. त्या चळवळीने लहान शेतकऱ्याला भागधारक केले, दर मिळवून दिला, शाळा-महाविद्यालये दिली. पण बीडहून, आणि आपल्याच जत-आटपाडीहून येणारा ऊसतोड्या कुठल्याही कारखान्याचा भागधारक झाला नाही. तो मुकादमाचा माणूस राहिला. मी कोणा एका कारखान्याला दोष देत नाही, कारण ही रचना सगळीकडे सारखीच आहे. मात्र बंडाने जे डबे एकत्र केले, त्यांच्या मागे आणखी एक डबा जोडलेला होता आणि तो मोजायचा राहिला, एवढे या धाग्यात नोंदवले पाहिजे.

कृष्णाकाठ (वाळवा)

ताई, आमच्या शेतातही टोळी येते आणि तोडणी झाली की आम्ही ऊस किती टन भरला एवढेच विचारतो. तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. न्यायदान मंडळाने सावकाराकडून कुळाची जमीन सोडवली, ती ज्याची जमीन होती त्याची. ज्याची कधीच जमीन नव्हती, त्याचा दावा मंडळापुढे कुठल्या नावाने येणार होता, हा विचार मी आजवर केला नव्हता.

येरळाकाठ (विटा)

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा फार खोल गेली. फडातली शाळा यांच्या मुद्द्याला जोडून आमच्या खानापूर तालुक्याची एक हकिकत सांगतो, कारण ती हरलेल्या बंडापासून सुरू होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि त्यांत सातारा-सांगलीकडचे पुष्कळ. संप मोडला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उघडल्या नाहीत. चित्रपटाच्या भाषेत सांगायचे तर हे इंजिनाच्या दारापाशी झालेले पतन. संपाच्या काळात गावी परतलेल्या कामगारांना इकडे दुष्काळ भेटला. संघटना कशी बांधायची हे ते गिरणगावात शिकून आले होते, म्हणून रोजगार हमीची खडी फोडता फोडता त्यांनी विचारायला सुरुवात केली की, हा दुष्काळ येतो कुठून? त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळेच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि त्यामुळे विहिरी आटत होत्या. लोकांनी तो उपसा अडवला, आणि त्याच वाळूची थोडी, मोजकी विक्री स्वतः करून, त्या पैशाला श्रमदान आणि वर्गणीची जोड देऊन तांदूळवाडी-बलवडीजवळ बळीराजा धरण बांधले. आधी पाणी अडवू आणि वाटपाचे मागाहून बघू, असे त्यांनीही म्हटले नाही. धरण बांधण्याआधीच ठरले होते की पाण्यावर हक्क कुटुंबाचा राहील, जमिनीचा नव्हे. ज्याला गुंठाभर रान नाही, त्याचाही वाटा.

अजिंक्यतारा, चित्रपटाने आराखडा द्यावा असा माझा हट्ट नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आराखडा करणे हेच मुळात नाट्यमय काम आहे, ही जाणीव या चित्रपटकारांना नाही. भूमिहीनाला पाणी द्यायचे की नाही यावर रात्री देवळात बसलेली बैठक, त्यात उठून जाणारा बागायतदार, त्याला परत आणायला गेलेला त्याचाच भाऊ. यात ताण कमी आहे का?

अजिंक्यतारा (सातारा)

ताण भरपूर आहे, हे कबूल. तुमची तक्रार अशी मांडली तर माझा विरोध उरत नाही. फक्त एक विचारतो. भूमिहीनाला पाण्याचा वाटा मिळाला, तरी तो ते पाणी सोडणार कुठे?

माणगंगा (आटपाडी)

शेजाऱ्याच्या रानात. ज्याच्याकडे जमीन आहे पण वाट्याचे पाणी अपुरे पडते, त्याच्याशी बोलणे करायचे. त्याचे रान, आपले पाणी, कष्ट दोघांचे आणि पीक ठरलेल्या हिश्श्याने. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनेही भूमिहीनांना वाटा दिला होता, आणि पाणी माणशी मोजले होते. तिथे त्या पाण्यावर ऊस घ्यायला बंदी होती, कारण एका उसाच्या फडाने दहा घरांची ज्वारी प्यायली असती. अडचणी आल्या, काही ठिकाणी मोठ्या शेतकऱ्यांनी भूमिहीनांचा वाटा विकत घेण्याचा प्रयत्न केला, आणि प्रत्येक वेळी पुन्हा बैठक बसवावी लागली. आमच्या गावातली पुढची बैठक पाळीपत्रक ठरवण्यासाठी येत्या रविवारी सकाळी मारुतीच्या देवळात आहे. टेलच्या वस्तीवरच्या बायकांना या वेळी आधी बोलू द्यायचे, असे ठरले आहे. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी जरूर यावे. फडातली शाळा ताई, तुम्ही तर याच.